जांभी जमीन : तिची घडण व पोषणद्रव्ये

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवरची तांबडी जांभी जमीन दिसण्यात सकस वाटते. परंतु तिचा रंग सुपीकतेचा नसून लोहाचा आहे. या जमिनीत घातलेले खत पिकास पुरते का लागत नाही, हे कळण्यासाठी तिची घडण समजून घेणे अवश्य आहे.

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणतः २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले महिने बहुतांशी कोरडे जातात. उष्ण हवेत हा क्रम दीर्घकाळ चालल्याने मूळच्या काळ्या खडकाचे विघटन होते. चुना, मॅग्नेशियम व पालाश प्रथम पाण्याबरोबर निघून जातात. मागाहून सिलिकाही हळूहळू विरघळते. सहजी न विरघळणारी लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहतात. त्यांचाच जांभा बनतो. ओला असता तो कापता येतो व हवा लागून कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे काढतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातील या दगडास, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटेराइट’ हे नाव दिले.

अशा रीतीने धुपून निघालेली ही जमीन आम्लधर्मी असते. तिच्यात चुना व पालाश कमी असतात आणि नत्र पावसात झिरपून जातो. मुख्य अडचण स्फुरदाची आहे. लोह व ॲल्युमिनियम त्यास घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे स्फुरद जमिनीत असूनही मुळांस मिळत नाही. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिल्याने तो काही अंशी मोकळा होतो. वरकस जमिनीत मात्र तसे घडत नाही.

यास्तव वरकस जमिनीत सुपर फॉस्फेट फोकून न देता मुळांजवळ, शेणखतात मिसळून द्यावे. आंबा, काजू यांसारख्या दीर्घायुषी झाडांस हाडांचे खत किंवा खनिज स्फुरद उपयोगी पडते. कारण आम्ल जमिनीत ते सावकाश विरघळते. नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. गिरिपुष्पाचा पाला व ताग यांनी सेंद्रिय द्रव्य वाढते व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती येते. पालापाचोळा जाळण्याऐवजी तो कुजवून जमिनीस परत करणे हितावह होय. चुन्याचे प्रमाण माती तपासूनच ठरवावे.

पावसाने जे शतकानुशतके वाहून नेले, ते एका हंगामात भरून येत नाही. परंतु जमिनीचा स्वभाव ओळखून खत दिल्यास खर्च केलेला पैसा मातीत अडकून न राहता पिकाच्या रूपाने परत मिळतो.