एक गाडी, तीन बिल्ले

मित्सुबिशीची आय-मिएव्ह, प्यूजोची आयऑन आणि सिट्रोएनची सी-झीरो ही विजेवर चालणाऱ्या तीन छोट्या गाड्यांची नावे असली, तरी गाडी एकच. तिन्ही जपानमधल्या ओकायामा प्रांतातील मिझुशिमा येथे, मित्सुबिशीच्याच कारखान्यात तयार होत. एकाने बनवायचे आणि दुसऱ्याने आपला बिल्ला लावून विकायचे, ही मोटारधंद्यातली जुनी वहिवाट आहे. मारुतीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा होऊन उभी राहते. चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगन व्हेंटो आणि श्कोडा रॅपिड बाहेर पडत. पेट्रोलच्या गाडीत हा व्यवहार मुख्यतः नफ्याचा असतो. विजेच्या गाडीत तो जोखीम वाटून घेण्याचाही होता.

या गाडीचे मूळ 2006 साली आलेल्या मित्सुबिशी 'आय' या पेट्रोल गाडीत आहे. जपानमध्ये 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. त्यात लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर आणि इंजिन 660 सीसी यांच्या आत राहावे लागते. त्या बदल्यात करात सवलत मिळते. 'आय'चे इंजिन पुढे नव्हते, मागच्या चाकांच्या अलीकडे, डिकीच्या तळाखाली आडवे बसवलेले होते. त्यामुळे पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून लांब गेली आणि मधल्या जमिनीखाली ऐसपैस जागा राहिली. वीज आणायची ठरली तेव्हा ही रचना आयती कामाला आली: बॅटरी मधल्या जागेत गेली, इंजिनाच्या ठिकाणी मोटर बसली. आतल्या माणसांची जागा जशीच्या तशी राहिली. 2009 मध्ये ही गाडी जपानमधल्या कंपन्या व सरकारी कार्यालयांना मिळू लागली, 2010 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना.

बॅटरीत प्रत्येकी 50 अँपिअर-तास क्षमतेचे 88 सेल एकामागोमाग जोडलेले असत. आठ-आठ सेलचे दहा संच आणि चार-चारचे दोन, मिळून 16 किलोवॅट-तास आणि 330 व्होल्ट. हे सेल जीएस युआसा आणि मित्सुबिशी समूह यांनी एकत्र येऊन काढलेल्या लिथियम एनर्जी जपान या कंपनीचे. सगळ्यात महाग भाग हाच होता, आणि सेलचा कारखाना परवडायचा तर गाड्यांची संख्या वाढवावी लागणार होती. प्यूजो आणि सिट्रोएन या दोन्ही नाममुद्रांची मालकी असलेल्या पीएसए समूहाची गरज नेमकी उलट होती. युरोपात विजेच्या गाड्यांना अनुदाने जाहीर होत होती आणि समूहाकडे दाखवायला त्या काळची नवी विजेची गाडी नव्हती. 2009 मध्ये करार झाला आणि 2010 च्या अखेरीस दोन्ही गाड्या युरोपच्या बाजारात आल्या.

तीन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक शोधावा लागतो. नाकावर कुठे तीन हिरे, कुठे सिंह, कुठे दोन उलटे व्ही. बंपरची घडण थोडी निराळी. दिवे, दारे, काचा त्याच. पुढचे टायर 145 मिलिमीटर रुंद आणि मागचे 175, हा विक्षिप्तपणाही तिघींत सारखाच. त्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून झीज सारखी करण्याची सोय नाही. साध्या चार्जिंगचे झाकण उजवीकडे मागे, जलद चार्जिंगचे डावीकडे. ते जलद चार्जिंग जपानी 'चाडेमो' पद्धतीचे, फ्रेंच बिल्ल्याच्या गाडीतही.

खरा फरक गिअरच्या दांड्यापाशी हाताला लागतो. युरोपातल्या आय-मिएव्हमध्ये 'डी'खेरीज 'बी' आणि 'सी' अशा आणखी दोन जागा होत्या: एकीत पाय उचलताच गाडी जोराने मंदावून बॅटरीत वीज परत घाली, दुसरीत हे मंदावणे सौम्य होई. फ्रेंच गाड्यांत नुसता 'डी' ठेवला. घाटरस्त्याला राहणाऱ्या माणसाने कोणता बिल्ला घ्यावा, हे एवढ्यावरून ठरवता आले असते.

2012 पासून फ्रेंच गाड्यांतली बॅटरीही लहान झाली. चार-चार सेलचे ते दोन संच काढून टाकले, 80 सेल उरले आणि क्षमता 14.5 किलोवॅट-तासांवर आली. उलट दोषही तिघींत वाटला जाई: ब्रेकच्या व्हॅक्युम पंपासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या तेव्हा तिन्ही नावांच्या गाड्या त्या यादीत होत्या.

खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही. युरोपात सुरुवातीची किंमत सुमारे 35 हजार युरो होती, म्हणजे चांगल्या मोठ्या डिझेल गाडीची. कागदावरचा पल्ला 150 किलोमीटर. हिवाळ्यात हीटर लावला की तो बराच खाली येई. त्याच सुमारास निसानची लीफ आली, मोठी आणि 24 किलोवॅट-तासांची. नंतर रेनोची झोई आली. शिवाय तीन बिल्ले एकाच गिऱ्हाइकाच्या मागे होते. 2012 मध्ये पीएसएने मिझुशिमाकडून गाड्या घेणे काही काळ थांबवले. पुढे किमती बऱ्याच उतरल्या आणि विक्री 2020 पर्यंत रेंगाळत राहिली. आय-मिएव्हचे उत्पादन 2021 मध्ये थांबले.

भागीदारीचा हा मार्ग मित्सुबिशीने सोडला नाही, जोडीदार बदलला. 2011 मध्ये निसानबरोबर केई गाड्यांसाठी एनएमकेव्ही ही संयुक्त कंपनी निघाली आणि 2022 मध्ये तिच्या कामातून निसान साकुरा व मित्सुबिशी ईके क्रॉस ईव्ही या जुळ्या विजेच्या गाड्या आल्या. बांधणी मिझुशिमातच. बॅटरी 20 किलोवॅट-तासांची, मोटर 47 किलोवॅटची, म्हणजे जपानमधल्या आय-मिएव्हइतकीच. आय-मिएव्ह 2009 मध्ये सुमारे 46 लाख येनला मिळे. साकुराची सुरुवात सुमारे 23 लाखांपासून झाली, आणि सरकारी अनुदान त्यातून वजा होई. या वेळी गाडी परदेशी पाठवायची नव्हती. केई वर्गाच्या मापात, केई गाडी घेणाऱ्या जपानी गिऱ्हाइकासाठीच ती बेतलेली होती, आणि त्यातही निसानचे विक्रीजाळे मित्सुबिशीपेक्षा कितीतरी मोठे. साकुरा लवकरच जपानमधली सर्वाधिक खपाची विजेची गाडी ठरली.