आठ खुर्च्यांचे प्रजासत्ताक

मॉरिशसच्या मतदाराला एक नव्हे, तीन मते असतात. मतपत्रिकेवर बरोबर तीन फुल्या मारायच्या. दोनच मारल्या तर मत बाद. मुख्य बेटावर असे २० मतदारसंघ, म्हणून ६० जागा, आणि रॉड्रिग्स बेटाच्या २. इथवर हिशेब सरळ आहे. पण निकाल लागल्यावर निवडणूक पर्यवेक्षण आयोग पुन्हा आकडेमोडीला बसतो आणि हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना नॅशनल असेंब्लीत पाठवतो. ही तिथली ‘बेस्ट लूझर’ पद्धत. या देशाची राज्यघटना कळायची तर राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या आधी या आठ खुर्च्यांपाशी जावे लागते.

१८८५ साली ब्रिटिशांनी तिथल्या कौन्सिलात प्रथमच निवडून आलेले सभासद घेतले, तेव्हा मतदार चार हजारांच्या आसपास होते, सगळे मालमत्तावाले. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गिरमिटियांना, आणि त्यांत कोकणातून गेलेले मराठी लोकही होते, तिथे थारा नव्हता. १९४८च्या निवडणुकीत साध्या साक्षरतेवर मताधिकार मिळाला आणि मतदार एकदम सत्तर हजारांवर गेले. १९५९ मध्ये सरसकट प्रौढ मताधिकार आला. आता बहुसंख्य हिंदूंचे राज्य येणार, या धास्तीने क्रिओल, मुस्लिम आणि फ्रेंच वंशाचे लोक हवालदिल झाले. स्वातंत्र्याचा प्रश्नच या भीतीत अडकला. १९६६ मध्ये आधी ब्रिटिशांनी नेमलेल्या बॅनवेल आयोगाने तोडगा सुचवला, त्यावर लेबर पक्ष बिथरला, मग ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाऊस यांनी मध्यस्थी केली आणि त्यातून आठ जागांची ही तडजोड ठरली. १९६७च्या निवडणुकीत लेबर पक्षाच्या शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीने ३९ जागा जिंकल्या खऱ्या, पण सुमारे ४४ टक्के मते विरोधात गेली होती. अशा दुभंगलेल्या कौलावर १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आकडेमोड अशी. घटनेच्या परिशिष्टात चार समाज सांगितले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि या तिघांत न बसणारी ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. उमेदवाराने अर्ज भरतानाच आपला समाज लिहायचा. एखाद्या समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या सभासदांच्या संख्येत एक मिळवून भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला पुढची जागा. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता द्यायच्या; उरलेल्या चारांत पक्षांचा तोल सांभाळायचा. तमिळ, तेलुगू, मराठी सगळे हिंदूंच्याच रकान्यात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, पण या गणितात मराठी माणूस वेगळा मोजला जात नाही. मला त्यात गैर वाटत नाही. रकाने वाढवून कोणाचे भले झाले आहे?

खरी गोम पुढेच आहे. १९८२ मध्ये समाजवार शिरगणती बंद झाली. हेतू चांगला होता. पण आठ जागांची तरतूद तशीच राहिली आणि तिचा आधार १९७२ची शिरगणती हाच कायम झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले : इतक्या जुन्या आकड्यांवर उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणे हा हक्कभंग आहे. २०१४च्या निवडणुकीपुरती सरकारने सक्ती उठवली. तात्पुरती. त्याआधीच, २००२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश आल्बी सॅक्स यांच्या आयोगाने प्रमाणशीर जागांचा पर्याय मांडून ठेवला होता. तो अजून कागदावरच आहे.

१२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा यातले काहीच हलले नाही. गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू तेच पहिले राष्ट्रपती झाले. राष्ट्रपतीची निवड पंतप्रधानांच्या प्रस्तावावर असेंब्ली करते, आणि शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. एक कलम मात्र घटनेत पक्के केलेले आहे. असेंब्लीची पाच वर्षांची मुदत बदलायची तर तीन चतुर्थांश मतदारांचे सार्वमत आणि सभागृहाचे एकमत, दोन्ही हवे. नियमाने १९७२च्या सुमारास व्हायची निवडणूक थेट १९७६ मध्ये झाली होती. दुधाने पोळलेले लोक ताक फुंकून पीत होते.

आठ जागांनी मोठे काम केले ते भलत्याच बाजूला. १९८२ मध्ये एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. खुद्द पंतप्रधान रामगुलाम पडले. त्या वेळी मुख्य बेटावरच्या विरोधकांना सभागृहाचे दार उघडले ते फक्त बेस्ट लूझरने. १९९५ मध्ये पुन्हा साठ-शून्य, नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. समाजांच्या रक्षणासाठी केलेली सोय विरोधी पक्षाच्या उपयोगी पडली आहे. माझ्या मते जागा ठेवाव्यात, पण त्या मतांच्या प्रमाणात द्याव्यात आणि समाजाचा रकाना काढून टाकावा. तसे करायला तीन चतुर्थांश बहुमत लागते, आणि साठ-शून्यने निवडून आलेल्या कोणत्याही सरकारकडे ते होते. तिघांपैकी एकानेही ते काम पुरे केलेले नाही.