त्र्यंबकेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि पुन्हा त्र्यंबकेश्वर

‘त्र्यंबकेश्वरमधील सर्वोत्तम कालसर्प पूजा पंडित शोधत आहात? आमचे त्र्यंबकेश्वर कालसर्प पूजा पंडित हे त्र्यंबकेश्वरमधील सर्वोत्तम पंडित असून त्र्यंबकेश्वरमध्ये कालसर्प पूजेसाठी सर्वोत्तम आहेत.’

हा नमुना माझ्या पदरचा. पण कालसर्प शांती, त्रिपिंडी श्राद्ध किंवा नारायण नागबलीची चौकशी ज्याने इंटरनेटवर केली असेल, त्याला तो ओळखीचा वाटेल. एकामागून एक संकेतस्थळ उघडावं. गुरुजींचा फोटो बदलतो, मजकूर तोच. शोधयंत्रात पहिल्या पानावर झळकण्यासाठी नाशिक जिल्ह्यात सर्वांत जास्त रेटारेटी बहुधा याच विषयात होत असावी. आणि नेमक्या याच विषयात वाचण्यासारखं काही सापडायला वेळ लागतो.

या लेखनामागे एक जुनी समजूत आहे: शब्द जितक्या वेळा येईल तितकं पान वर चढतं. एके काळी ती खोटी नव्हती. नव्वदच्या दशकातली शोधयंत्रं बऱ्याच अंशी शब्दच मोजत. पानाच्या पोटात वाचकाला न दिसणारी ‘कीवर्ड’ची यादी ठेवायची सोय होती, आणि लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांतही शब्द कोंबत. १९९८मध्ये आलेल्या गूगलने कोणत्या पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात, हे पाहायला सुरुवात केली. ती छुपी यादी आपण क्रम लावताना विचारातच घेत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीर सांगितलं. फेब्रुवारी २०११च्या ‘पांडा’ बदलाने पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली, एप्रिल २०१२च्या ‘पेंग्विन’ने शब्दांची खोगीरभरती आणि विकतचे दुवे. एवढं होऊनही ‘तुमची कीवर्डं टाकून देतो’ म्हणून पैसे घेणारे आजही भेटतात.

यंत्राचं काम समजून घ्यायचं तर नाशिकच्या रामकुंडावर जावं. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. यजमानाने गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे समोर येतं. शोधयंत्रही अशीच वही आधीपासून तयार ठेवतं: कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. आपण विचारतो तेव्हा ते सगळं इंटरनेट धुंडाळायला निघत नाही, ही वही उघडतं. त्या वहीत गावाचं नाव, समजा ‘घोटी’, एकदा लिहिलं की नोंद झाली. चाळीसदा लिहिल्याने पणजोबा चाळीस होत नाहीत. खरा पेच पुढे आहे. घोटीचे शेकडो यजमान निघाले तर कोणाचं पान आधी दाखवायचं? तिथे, इतर अनेक खुणांबरोबर, विचारणाऱ्याचं काम कोणत्या पानावर होण्यासारखं आहे याचा अंदाज यंत्र घेतं.

आता विचारणारा कोण, ते पाहू. समजा रायपूरचं एक कुटुंब आहे. नारायण नागबली तीन दिवसांचा, एवढं त्यांनी ऐकलंय. मग त्या तीन दिवसांत गाव सोडता येतं का? विधी देवळात होतो की अहिल्या-गोदावरी संगमावर? धोतर-उपरणं घरून आणायचं की तिथे मिळतं? साडी कोणत्या रंगाची चालत नाही? नाशिकरोड स्टेशनापासून त्र्यंबक जवळपास ४० किलोमीटर. रात्री उशिरा गाडीतून उतरलो तर पहाटे पोहोचू का? दक्षिणेत साहित्य आणि जेवण धरलंय का? हे सगळं फोनवर रोज सांगितलं जातं. संकेतस्थळावर मात्र ‘सर्वोत्तम’ एवढंच. आठवडाभर फोनशेजारी वही ठेवून लोक काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं तर निम्मा मजकूर तयार होतो. उरलेल्यासाठी गूगलचं ‘सर्च कन्सोल’ आहे, फुकट. लोक काय टाइप करून तुमच्या पानावर आले, ते त्यात दिसतं.

त्या प्रश्नांवरून शीर्षकही सुचतं. ‘नारायण नागबली: तीन दिवसांचा क्रम, साहित्य आणि खर्च’ हे शीर्षक वाचून माणूस पान उघडेल. शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम बदलत नाही, गूगल पुष्कळदा ते बदलूनही टाकतं. पण उघडावं की पुढे सरकावं, हे वाचणारा त्यावरूनच ठरवतो. तेव्हा तिथे तरी आपल्या नावाचा जयघोष नको.

येवल्याच्या पैठणीचंही तसंच. ‘अस्सल पैठणी वाजवी दरात’ हे वाक्य कोणीही, कुठेही बसून लिहील. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या नकलेत बहुधा लोंबतात. हे विणकर लिहील, आणि सोबत पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाकून प्रत्येकाखाली तो कशाचा आहे हे शब्दांत सांगेल, तर त्याच्याशी मुंबईतल्या कॉपीरायटरला स्पर्धा करता येणार नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण थोडी वेगळी. फ्लेक्सवाल्याने करून दिलेलं पत्रक चित्र म्हणूनच संकेतस्थळावर चिकटवलं जातं, त्यातली अक्षरं शोधयंत्राच्या हाती लागतीलच असं नाही. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आपल्याला देवनागरी दिसते, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा काला. तो युनिकोडमध्ये आणल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय आपली भाषा प्रत्ययांची. लोक ‘मिसळ नाशिक’ टाइप करतात म्हणून ‘आमच्याकडे उत्तम मिसळ नाशिक मिळते’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. हे दुखणं ओढवून घ्यायची गरज नाही. वाक्यातल्या शब्दांचा परस्परसंबंध ओळखणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलने डिसेंबर २०१९मध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत आणली. तेव्हा ‘नाशकात’, ‘नाशिकची’, ‘नाशिकला’ असं सरळ लिहावं.

एकच मजकूर घेऊन ‘सिन्नरमधील’, ‘ओझरमधील’, ‘इगतपुरीतील’ अशी गावांची नावं बदलून पन्नास पानं काढायचीही एक रीत आहे. गूगलच्या नियमांत ती फसवणुकीतच मोडते. मार्च २०२४पासून त्यात आणखी एक कलम आलं: क्रम मिळवण्यासाठी ढिगाने काढलेला निरुपयोगी मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. ‘एआय’कडून रातोरात दोनशे लेख पाडून घेणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

आता सिंहस्थ तोंडावर आहे, आणि हॉटेलं, टॅक्सीवाले, धर्मशाळा सगळ्यांनाच नवी पानं हवी आहेत. माझा सल्ला उलटा आहे. २०१५च्या कुंभाचं पान असेल तर ते काढू नका. त्याच पत्त्यावर २०२६-२७चा मजकूर लिहा, म्हणजे त्या पानाकडे आलेले जुने दुवे फुकट जाणार नाहीत. पत्त्यात वर्ष घातलं नाही तर बारा वर्षांनी पुन्हा उपयोग होईल. स्नानाच्या तिथी जाहीर झाल्यात तेवढ्याच द्या. वाहनतळ आणि बंद रस्ते प्रशासन सांगेल तेव्हा भरा, तोवर ‘अजून ठरलेलं नाही’ असं लिहा आणि खाली ते कधी तपासलं ती तारीख टाका.