डॉक्टर क्यूबाचा, पगार कुणाचा?

1963 मध्ये क्यूबाने अल्जीरियाला डॉक्टरांची तुकडी धाडली, तेव्हा क्रांतीनंतर त्याचे स्वतःचेच जवळपास निम्मे डॉक्टर देश सोडून गेले होते. त्या निर्णयामागची माणुसकी खरीच होती.

पुढे ही मदत परकीय चलनाचा मोठा आधार बनली. व्हेनेझुएला डॉक्टरांच्या बदल्यात तेल देई. ब्राझीलने 2013 पासून ‘माईस मेदिकोस’ योजनेत दर डॉक्टरमागे पैसे मोजले, पण डॉक्टरच्या हाती जेमतेम चौथा हिस्सा पडे. बाकी रक्कम हवानाच्या तिजोरीत. तिच्यावर घरचे मोफत दवाखाने चालतात, हे क्यूबा सरकारचं उत्तर. ते मला पटतं. पण मोहीम अर्ध्यावर सोडणाऱ्याला आठ वर्षं मायदेशी प्रवेश नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? लेकरं तिकडे आजीजवळ वाढतात, आई इकडे अडकते.

2018 च्या नोव्हेंबरात ब्राझीलचे नवनिर्वाचित अध्यक्ष बोल्सोनारो यांनी अटी घातल्या: पूर्ण पगार थेट डॉक्टरला, कुटुंब आणायची मुभा, शिवाय पात्रता परीक्षा. क्यूबाने आठ हजारांहून अधिक डॉक्टर माघारी बोलावले. अॅमेझॉनच्या कितीतरी आदिवासी वस्त्यांत तेवढा एकच डॉक्टर होता.