अक्षरवळण : ठळक अक्षरातला ढ

जोडाक्षरांकडे या आठवड्यात वळायचं ठरलं होतं, पण औंढ्याहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न आधी घ्यायला हवा. लोणावळ्याजवळच्या या गावाचं नाव जाड, भौमितिक वळणाच्या अक्षरांत पाटीवर घातलं, की लांबून ते ‘औंठे’ का वाचलं जातं, असं वाचकांनी विचारलं आहे. दोष पाटी रंगवणाऱ्याचा नाही. भौमितिक अक्षर म्हणजे कंपासने काढलेलं अक्षर, आणि ठळक करायचं म्हणजे रेघ सगळीकडून सारखी जाड करायची, या समजुतीचा तो दोष आहे. ठळक देवनागरी अक्षराचं वाचन काळ्या रेघेपेक्षा आतल्या पांढऱ्या पोकळीवर अधिक अवलंबून असतं.

ट, ठ आणि ढ शेजारी शेजारी लिहून पाहा. तिन्ही अक्षरं शिरोरेघेखालच्या आखूड दांडीला लटकलेली. टचं तोंड उजवीकडे उघडं, ठचा घेर पूर्ण मिटलेला, आणि ढची रेघ खालून वळून घेरात शिरते, तिथे गाठ घेऊन थांबते. तिघांतला भेद जवळजवळ सगळा घेराच्या आत आहे. अक्षराची उंची आणि रुंदी बांधलेली असली की रेघेची जाडी आतच वाढते. ढची गाठ भरून आली, टोक घेराला चिकटलं, की डोळ्याला मिटलेला घेर दिसतो आणि तो ठ म्हणून पुढे जातो. ‘औं’ची अडचण डोक्यावरची. कान्यावर दोन मात्रा, त्यांच्याजवळ अनुस्वार, आणि खाली जाडजूड शिरोरेघ. अनुस्वाराचा ठिपका वजनाप्रमाणे, म्हणजे रेघेच्या जाडीप्रमाणे, फुगवला की तो मात्रेत बुडतो. भौमितिक ठळक फाँट निवडताना ‘कमल’ लिहून बघणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. ‘औंढे’ लिहून बघावं, लगेच कळतं.

यावर पहिला आक्षेप असा, की रोमन लिपीत वर्तुळं चालतात, मग आपल्याला का नाहीत? पाऊल रेनरचा फ्युचुरा १९२७ साली आला. तो कंपासचा टाइप म्हणून ओळखला जातो, पण तिथेही घेर दांडीला मिळतो त्या जागी रेघ बारीक केलेली आहे. तसं केलं नसतं तर प्रत्येक सांध्यावर काळा डाग पडला असता. देवनागरीत असे सांधे आणि गाठी कितीतरी जास्त, म्हणून दुरुस्तीही जास्त लागते. शिरोरेघ कान्यापेक्षा बारीक करावी लागते, गाठीपाशी रेघ सडपातळ करावी लागते, अक्षर थोडं रुंद करावं लागतं. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेल्या पॉपिन्समध्ये वर्तुळावर बेतलेली देवनागरी निनाद काळे यांनी केली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. वर्तुळाचा आग्रह आणि वाचनीयता यांचा मेळ तिथे चांगला बसला आहे. उलट टोकाला ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’ हा फाँट आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी पोकळी जवळजवळ संपेपर्यंत त्याचं अक्षर फुगवलं. मोठ्या मथळ्यात तो फार देखणा दिसतो. रस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीवर मी तो कधीच लावणार नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या चाहत्यांचा: बोरूची जाड-बारीक गेली की देवनागरीचा जीवच जातो. आक्षेप मनापासूनचा आहे, पण पूर्ण खरा नाही. बोरूची तिरकी कातलेली जीभ पंचेचाळीस अंशांत धरली की आडवी शिरोरेघ आणि उभा काना साधारण सारख्याच जाडीचे उमटतात. जाड-बारीक दिसते ती गोलाईत आणि तिरक्या रेघांत. म्हणजे उभ्या-आडव्याची समान जाडी आपल्या लिपीला परकी नाही. रोमनपेक्षा ती आपल्याकडेच जास्त सहज आहे. गमवावं लागतं ते गोलाईतलं चैतन्य, आणि ते कुशल माणूस वळणांच्या आकारातून बरंचसं परत आणू शकतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं पाहा. अर्थात त्यांना एकाच नावातली अक्षरं एकमेकांशी जुळवून घ्यायची मुभा होती. फाँट करणाऱ्याला ढ पुढे कोणतं अक्षर येईल हे ठाऊक नसतं.

हे सगळं आता बारीक रसिकतेपुरतं उरलेलं नाही. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सर्व दुकानांवर मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पण आकार मोजायचा कुठून कुठपर्यंत? मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजून ‘कुरवंडे’ किंवा ‘तुंगार्ली’ हे इंग्रजी कॅपिटलांच्या उंचीत बसवलं, तर अक्षराचा मूळ देह त्यांच्यापेक्षा बराच लहान उरतो. नियम पाळला जातो, नाव मात्र दबतं. पॉपिन्समध्ये रोमन कॅपिटलं देवनागरी देहापेक्षा जाणून आखूड ठेवली आहेत. पाटीवरही हेच माप धरावं.

तेव्हा औंढे, कुरवंडे, वाकसईकडे पाटी करायला देणाऱ्यांना एवढीच विनंती: आपलं नाव निवडलेल्या फाँटमध्ये टपाल तिकिटाएवढं छापून घ्या आणि हात लांब करून वाचा. ढची गाठ आणि अनुस्वार सुटे दिसले तरच पुढे जा, नाहीतर एक वजन कमी करा. जोडाक्षरं पुढच्या आठवड्यात.