आपल्या डोक्याचा घुमट

घरात तान्हे बाळ असेल, तर आजी त्याच्या टाळूवर तेल घालताना तुम्ही पाहिलेच असेल. "डोक्याला धसमुसळा हात लावू नकोस, टाळू अजून भरली नाही," असा दमही खाल्ला असेल. टाळूवर अलगद बोट ठेवले, तर नाडीसारखे ठोके लागतात. तेथे हाड नसून फक्त चिवट पडदा असतो. मेंदूसारख्या नाजूक अवयवावर निसर्गाने अशी उघडी जागा का ठेवावी?

याचे उत्तर कवटीच्या रचनेत आहे. कवटी म्हणजे एकसंध हंडा नव्हे. तिच्यात २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ हाडांची मिळून मेंदूची पेटी होते: कपाळाचे एक, माथ्याची दोन, कानशिलांची दोन, डोक्यामागचे एक आणि तळाशी दडलेली दोन. या दडलेल्यांपैकी एक पंख पसरलेल्या वटवाघळासारखे दिसते. म्हणून त्याला जतुकास्थी म्हणतात. दुसरे, झर्झरिकास्थी, चाळणीसारखे असते. त्याच्या बारीक भोकांतून वासाचे चेतातंतू नाकातून मेंदूकडे जातात. उरलेली १४ हाडे चेहऱ्याची. त्यांत नाक, गाल, टाळा आणि जबडे आले. या सर्व २२ हाडांत मोकळेपणी हलते ते एकच, खालचा जबडा. कानाजवळ बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा, म्हणजे त्याचा सांधा हाताला लागेल.

बाकीची हाडे करवतीच्या दात्यांसारख्या कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात. या सांध्यांना शिवणी म्हणतात. जन्माच्या वेळी त्या सैल असतात. त्यामुळे बाहेर येताना बाळाच्या डोक्याची हाडे किंचित एकमेकांवर सरकतात आणि वाट सुकर होते. पुढे पहिल्या वर्षातच मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होते. पेटी आधीच पक्की झाली असती, तर मेंदू वाढणार कोठे? म्हणून पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत मोकळी राहते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेली, तर तिच्यावर लेप लावून भागत नाही. शरीरातले पाणी कमी झाल्याची ती खूण आहे. बाळाला जलसंजीवनी पाजत ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. एक कच्चे अंडे घ्या आणि त्याची दोन टोके दोन तळहातांत धरून सावकाश दाबा. (खाली ताट ठेवा!) ते सहजासहजी फुटत नाही. तेच अंडे वाटीच्या काठावर हलकेच आपटले की फुटते. घुमटाकार कवचावर पडलेला भार चहूकडे वाटला जातो. विजापूरचा गोलघुमट उभा आहे तो याच तत्त्वावर. पण बल अगदी लहान जागेवर पडले, तर तेथला दाब फार वाढतो. कवटीचेही तसेच आहे. तिची वरची हाडे पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी असतात: बाहेर आणि आत दोन कठीण थर, मध्ये जाळीदार हाड. त्यामुळे वजन कमी आणि बळकटी अधिक. कानशिलाजवळ मात्र हाड पातळ असते आणि त्याला आतून लागूनच एक रोहिणी जाते. म्हणून कानशिलावरचा मार विशेष घातक ठरतो.

पेटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. आर्किमीडीजच्या तत्त्वानुसार सुमारे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार त्यामुळे जेमतेम ५० ग्रॅम भासतो. पण भार कमी भासला, तरी वस्तुमान तेवढेच राहते. डोके एकदम थांबले, तरी मेंदू पुढे जाऊ पाहतो. हे जडत्व होय. त्यामुळे कवटीला तडा न जाताही मेंदूला इजा होऊ शकते.

आता एक हिशेब करू. उभ्या माणसाचे डोके सुमारे १.५ मीटरवरून खाली आले आणि फरशीवर आदळून ५ मिलिमीटर अंतरात थांबले असे समजा. मंदन एकसारखे धरले, तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे १५०० ÷ ५ = ३००. डोक्याचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट झाले! हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर दबून थांबण्याचे अंतर ३० मिलिमीटर झाले, तर तेच मंदन ५० पटीवर येते. हेल्मेटचे खरे काम हेच: थांबण्याचे अंतर वाढवणे. एकदा दबलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

आपली कवटी चालत्या-धावत्या माणसाची आहे. मोटारसायकलचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगाने डोके झाडावर थेट आदळणे हे सुमारे ६.३ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, डोक्यावर पडण्यासारखेच आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचे केले. तरी ते आरशाला अडकवून जाणारे, किंवा घातले तरी पट्टा न लावणारे, रोज दिसतात. पट्टा नसेल, तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट निघून जाऊ शकते.

ताशी ६० किलोमीटर वेगासाठी ही उंची किती येईल, ते तुम्हीच काढा. वेग दीडपट झाला, तर उंचीही दीडपटच होते का? उत्तर आले की घरात जे कोणी दुचाकी चालवतात, त्यांना ते वहीसकट दाखवा.