पोवळ्याची भूक

आमच्या आईच्या अंगठीत पोवळे होते. मंगळासाठी म्हणून लग्नात घातलेले. नवरत्नांतले हे रत्न म्हणजे इतर खड्यांसारखाच एक खडा, अशी आम्हा भावंडांची समजूत. तो समुद्रातल्या एका प्राण्याचा सांगाडा आहे हे शाळेत कळले. पण हा प्राणी जेवतो काय आणि कसा, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला, तोही हातून एक अपराध घडल्यावर.

सात वर्षांपूर्वी मी जर्मनीत मुलीकडे गेलो होतो. जावयाला समुद्री मत्स्यालयाचा नाद. दिवाणखान्यात तीनशे लिटरची काचेची टाकी, तिच्यात मासे, कोळंबी आणि प्रवाळ. एका कपारीत नारिंगी रंगाचा, मुठीएवढा एक पुंजका होता. त्याला ते सन कोरल म्हणत. शास्त्रीय नाव ट्यूबॅस्ट्रिया. दोघे पाच आठवडे बाहेरगावी जाणार होते. जावयाने कागदावर सूचना लिहून दिल्या : आठवड्यातून तीनदा, दिवे मालवल्यावर, या पुंजक्याला भरवावे. पहिल्या आठवड्यात मी तसे केले. मग पाणी तपासले, तर नायट्रेट वाढलेले. मी घाबरलो आणि खाणे कमी केले. पाणी काचेसारखे नितळ राहिले, मासे मजेत होते. पुंजका मिटलेला असे, तो झोपला आहे असे मी धरून चाललो. परत आल्यावर जावयाने टाकीत डोकावून पाहिले आणि हळूच म्हणाले, “बाबा, पाणी फार छान ठेवलंत. पण हे उपाशी राहिलं.” निम्म्याहून अधिक नारिंगी कातडी आक्रसून गेली होती आणि खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. त्या दिवसापासून मी प्रवाळाच्या जेवणाचा अभ्यास करू लागलो. माझे औपचारिक शिक्षण वाणिज्य शाखेचे, म्हणून हे सारे चाचपडत, वाचत आणि पाहत शिकलो.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे माणसाला फार उशिरा पटले. १७०६ साली मार्सिली या इटालियन सरदाराने भूमध्य समुद्रातले ताजे लाल पोवळे पाण्यात ठेवले. त्यावर पांढरी ‘फुले’ उमललेली पाहून ही वनस्पतीच, असा निर्वाळा त्याने दिला. पुढे मार्सेचा एक डॉक्टर, पेसोनेल, यानेही तीच फुले पाहिली; पण ती हलतात, आखडतात, म्हणजे हे प्राणी आहेत, असे त्याने कळवले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत १७२७ साली हे मत मांडताना रेओम्यूरने त्याचे नावच घेतले नाही. लोक हसतील, ही भीती. पेसोनेलचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. ज्या पोवळ्यावर हा वाद झाला त्याच जातीचे पोवळे त्यापूर्वी कित्येक शतके भूमध्य समुद्रातून भारतात येत होते. रोमन लोकांना जसे मोती, तसे भारतीयांना पोवळे मोलाचे, अशी नोंद प्लिनीने पहिल्या शतकात करून ठेवली आहे.

उपजीविकेच्या दृष्टीने प्रवाळांची दोन कुळे मानता येतात. उथळ, उजेडाच्या पाण्यात भिंती उभारणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. काही प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागते. घरात शेत पिकते, वर जमेल तेव्हा शिकार. दुसऱ्या कुळाच्या घरी शेतच नाही. ट्यूबॅस्ट्रिया, डेन्ड्रोनेफ्थिया हे मऊ प्रवाळ, अनेक समुद्रपंखे आणि आईच्या अंगठीतले लाल पोवळेही याच कुळातले. यांना उजेडाचा उपयोग नाही. कपारीत, गुहांच्या छताला, खोल अंधारात ते राहतात आणि प्रवाह आणून देईल त्यावर जगतात. लाल पोवळ्याच्या फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. अंगठीतला तो मणी किती वर्षांच्या जेवणातून साठला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

यांना ‘गाळून खाणारे’ म्हणतात, पण शब्द थोडा फसवा आहे. तिसऱ्या किंवा कालवे स्वतः पाणी आत ओढतात, गाळतात आणि बाहेर सोडतात. प्रवाळाकडे असा पंप नसतो. त्याच्या प्रत्येक पॉलिपला तोंडाभोवती बोटांसारखे संस्पर्शक असतात आणि त्यांवर दंशपेशी. संस्पर्शक पसरून तो वाट पाहतो. पाणी वाहते राहिले तरच घास येतो. साचलेल्या पाण्यात अन्न असूनही तो उपाशी राहू शकतो.

शिवाय प्रत्येकाची चाळणी वेगळी. ट्यूबॅस्ट्रियाचे पॉलिप मोठे, ते प्राणिप्लवक पकडतात. कोळंबीसारख्या बारीक जिवाचा अख्खा घास गिळतात. डेन्ड्रोनेफ्थियाचे पॉलिप चिमुकले, आठ संस्पर्शकांचे आणि प्रत्येक संस्पर्शकाला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे दाते. फॅब्रिशियस, बेनायाहू आणि गेनिन या संशोधकांनी १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या अभ्यासातून दाखवले, की हा प्रवाळ मुख्यतः वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म शैवलांवर जगतो. प्राणी असलेला प्रवाळ चक्क शाकाहारी निघाला! त्याला कोळंबीचे तुकडे देणे म्हणजे तान्ह्या बाळापुढे भाकरी ठेवणे.

आता घरातल्या टाकीकडे येऊ. आधुनिक प्रवाळ-टाकीची घडण बर्लिन पद्धत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीवर झाली आहे : जिवाणूंनी भरलेले समुद्री दगड, प्रखर दिवे आणि स्किमर. स्किमर पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतो, त्यांना सेंद्रिय कण चिकटतात आणि फेसाबरोबर बाहेर निघतात. ही व्यवस्था पहिल्या कुळासाठी उत्तम, कारण त्यांना प्रकाश आणि निर्मळ पाणी हवे. दुसऱ्या कुळासाठी मात्र तीच दुष्काळ ठरते. ज्याला आपण मळ म्हणून काढतो, ते त्यांचे ताट असते. मी नेमके हेच केले होते : पाणी सांभाळले आणि प्राणी विसरलो.

वाचलेले पॉलिप जगवताना जावयांनी जी रीत पाळली, ती मी नंतर अनेकदा स्वतः केली. गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, आधी वितळवायचे. वितळलेले थोडे पाणी वाटीत राखून बाकीचे खाणे बारीक गाळणीत धुऊन घ्यायचे, कारण त्या रसात फॉस्फेट फार असते. दिवे मालवल्यावर स्किमर आणि मोठे पंप बंद करायचे. राखलेल्या पाण्याचे दोन-चार थेंब पुंजक्याजवळ सोडायचे. हे जेवणाचे बोलावणे. पंधरा-वीस मिनिटांत पिवळे पॉलिप उमलतात. मग पिपेटने एकेका पॉलिपच्या तोंडाशी एक-दोन मायसिस ठेवायचे. पुंजक्यातले पॉलिप एकाच कातडीने जोडलेले असले, तरी एकाला भरवले म्हणजे सगळ्यांची सोय झाली असे मानू नये. टाकीतली कोळंबी हातातोंडाशी आलेला घास पळवते. म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती पुंजक्यावर उपडी ठेवायची आणि तिच्या तोंडातून भरवायचे. दर दोन-तीन दिवसांनी हा अर्ध्या-पाऊण तासाचा सोहळा. सुरुवातीला काही पॉलिप उमलतच नाहीत. तरी बोलावणे चुकवायचे नाही. वाचलेल्या भागाने पांढऱ्या सांगाड्यावर पुन्हा नारिंगी कड धरायला सात महिने घेतले.

डेन्ड्रोनेफ्थियाचे प्रकरण याहून अवघड. त्याला हाताने भरवता येत नाही. जिवंत सूक्ष्म शैवल थोडे थोडे, दिवसरात्र, ठिबक सिंचनासारखे पाण्यात सोडत राहावे लागते आणि प्रवाह अखंड ठेवावा लागतो. एवढे करूनही घरच्या टाक्यांत तो बहुधा काही आठवडे-महिन्यांत झडत जातो. रंगाला भुलून तो घेऊ नये, हाच प्रामाणिक सल्ला.

भरवायचे म्हटले की नायट्रेट वाढणार, माझी ती भीती खोटी नव्हती. उपाय चुकीचा होता. घास कमी करायचा नसतो, उष्टे काढायचे असते. जेवणानंतर तासाभराने स्किमर पुन्हा सुरू करावा, खाली पडलेले तुकडे नळीने ओढून घ्यावेत, दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे आणि टाकीत मासे मोजकेच ठेवावेत.

या ट्यूबॅस्ट्रियाची दुसरी कथा ऐकली, तेव्हा मी थक्क झालो. हिंदी-प्रशांत महासागरातली याचीच एक जात १९४३ साली कॅरिबियन समुद्रात आढळली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलजवळच्या तेलफलाटांवर. आज तिथल्या खडकांवर ती स्थानिक जिवांना हटवून पसरते आणि तिला उपटून काढण्याच्या मोहिमा निघतात. जहाजाच्या तळाला, लोखंडी खांबांना चिकटून जो प्राणी महासागर ओलांडतो, तो आपल्या दिवाणखान्यात पाच आठवड्यांत भुकेने मरतो. चिवटपणा त्याच्यात आहेच. वाहते अन्न मात्र समुद्राजवळच असते, आपल्याकडे नाही.

हा छंद आपल्याकडेही वाढतो आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतीय समुद्रातले दगडी प्रवाळ, काळे पोवळे आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, स्थान आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात बुडी मारताना एखादा तुकडा सुंदर दिसला, तरी तो तिथेच राहू द्यावा. तो गुन्हा आहे म्हणून तर खरेच. पण त्याला रोज कोण भरवणार, हाही प्रश्न आहे.

आईची अंगठी आता माझ्याकडे असते. कुणी विचारले, की पूर्वी मी मंगळाचे नाव सांगे. हल्ली आधी त्याच्या जेवणाचे सांगतो.